सिस्टरच्या घरचे सात आठवडे

अमरावतीत खोली शोधताना पहिल्या घरी मी बायकोच्या गळ्याला काय झालंय ते सांगितलं आणि बाईंनी दार अर्धं लोटून घेतलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या घरी आजाराचं चालून गेलं असतं, पण आडनाव विचारलं आणि ती खोली अचानक कुणा भाच्यासाठी राखून ठेवलेली निघाली. चौथं घर कॅम्प भागातल्या एका गल्लीच्या टोकाला होतं. दारात सत्तरीपुढची एक बाई कढीपत्ता तोडत उभी होती. मी सगळं एका दमात सांगून टाकलं. आम्ही अकोल्याचे, मी एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक, बायकोला घशाचा कॅन्सर, सात आठवडे रेडिएशन, आम्ही बौद्ध. शेवटचं जरा जोरातच सांगितलं असणार. तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही. रिक्षात बसलेल्या माझ्या बायकोकडे पाहून ती म्हणाली, "पायऱ्या चढता येतात का तिले? खोली वरते हाये. येत नसन तं मी वर राहाले जातो, तुमी खाली राहा."

या गोष्टीला आता तीन वर्षं झाली. तेव्हापासून माझ्या डोक्यात जो गोंधळ सुरू झाला तो अजून निवळलेला नाही. तो निवळावा असं मला वाटतं की नाही, हेही मला सांगता येत नाही.

ती बाई निवृत्त नर्स होती. गल्लीत सगळे तिला सिस्टर म्हणत, म्हणून आम्हीही म्हणायला लागलो. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, घरात ती एकटीच. टीव्हीवर क्रिकेटची मॅच असली की ती खुर्ची पडद्याजवळ ओढायची आणि बाद होणाऱ्या प्रत्येक फलंदाजाला वॉर्डातल्या हट्टी पेशंटसारखी रागवायची. वरच्या खोलीत सामान लावताना मला भिंतीवर लाकडी क्रूस दिसला आणि मनात आलं, झालं. दुखणाईत माणूस आयता सापडला, आता हे लोक हिला सोडणार नाहीत. मी बायकोला हळूच तसं म्हटलंही.

ती म्हणाली, "पकडू द्या पकडतात तं. पन आधी जराशी झोपू द्या मले."

आमच्या घरातली रीत सांगितल्याशिवाय माझी भीती कळायची नाही. माझे आजोबा नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले आणि त्याच आठवड्यात त्यांनी घरातले सगळे देव पोत्यात भरून मोर्णा नदीत सोडले. माझे वडील रेल्वेत खलाशी होते. ते अजूनही सकाळी आंघोळ करून तथागताच्या मूर्तीपुढे बसतात, त्रिशरण-पंचशील म्हणतात, मग चहा घेतात. आमच्याकडे नवस नाही, अंगारा नाही, अंगात येणं नाही. हात जोडायचे ते आदरानं. काही मागायला जोडायचे नाहीत, हे मी लहानपणापासून ऐकत आलो. बायको बाळापूरकडची, तिच्या माहेरीही तेच. आम्हाला मूलबाळ झालं नाही, तेव्हाही आम्ही कुठल्या दारात गेलो नाही. मला त्याचा अभिमान होता.

रेडिएशनला आमचे लोक शेक म्हणतात. शेक देण्याआधी तोंडाचा मास्क करतात. प्लास्टिकचा जाळीदार पत्रा गरम पाण्यात मऊ करायचा, चेहऱ्यावर दाबून साचा घ्यायचा, आणि मग रोज तोच मास्क चेहऱ्यावर चढवून टेबलाला खटक्यांनी घट्ट बसवायचा. मान जराही हलता कामा नये. जवळ कुणी थांबत नाही, जाड दार बंद होतं, आत एकटं माणूस आणि मशीन. पहिला दिवस तिनं कसाबसा काढला. दुसऱ्या दिवशी दार बंद होताच तिनं हात वर केला. मशीन थांबवून तिला बाहेर काढलं, तेव्हा तिचा ब्लाउज घामानं ओला झाला होता.

"मी उद्यापासून येत नाई," ती म्हणाली.

"मंग मरायचं हाये का तुले?" मी सगळ्या लोकांसमोर ओरडलो.

हे वाक्य मला आजही ऐकू येतं. तेव्हा मी स्वतःच इतका घाबरलो होतो की मला दुसरं काही सुचलं नाही.

त्या दिवशी ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. दुपारी सिस्टर गुडघ्यांवर हात ठेवत पायऱ्या चढून वर आली. तिच्या हातात ज्वारीच्या कण्यांची पेज होती. "आंबट काही देऊ नको हिले, घशाले झोंबते," असं मला सांगून तिनं मला गुळण्यांसाठी मीठ आणि खायचा सोडा आणायला दुकानात पाठवलं. मी परत आलो तेव्हा सिस्टर बायकोच्या उशाशी बसली होती. एक हात तिच्या कपाळावर होता. मला पाहून तिनं तो काढला नाही. मी पुडी हातात धरून दारातच उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी बायको उठली, तयार झाली आणि मास्कखाली गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या गालांवर जाळीचे ठिपके उमटले होते, पण ती रडली नव्हती.

"काय केलं तू आतमधी?" मी विचारलं.

"सिस्टरनं सांगितलं होतं थे म्हनत राह्यली. श्वास घेतला की एकदा."

"काय म्हनायले सांगितलं?"

"जाऊ द्या. तुमाले हसू येईन."

मला हसू आलं नसतं. मला राग आला असता आणि तिला ते माहीत होतं. पंचवीस वर्षांच्या संसारात तिनं माझ्यापासून लपवलेली ही पहिली गोष्ट होती. मी रोज त्या जाड दाराबाहेर बसायचो, आत माझी बायको कुणाशी तरी बोलत असायची, आणि तो कोण ते मला ठाऊक नव्हतं. ती तगून राहिली म्हणून मला बरं वाटायचं आणि त्याच वेळी त्या न दिसणाऱ्याचा रागही यायचा. दोन्ही एकाच बाकावर बसून व्हायचं.

रविवारी शेक नसायचा. दुसऱ्या रविवारी बायको म्हणाली, मी सिस्टरसोबत चर्चमध्ये जाते. मी रिक्षा करून दोघींना पोचवलं आणि बाहेर कडुनिंबाखाली बसून राहिलो. आत सगळं इंग्रजीत चालत असेल असं मला वाटलं होतं. पण आतून पेटीचा आणि ढोलकीचा आवाज आला आणि पाठोपाठ मराठी गाणं. चाल आमच्याकडच्या भजनाची होती. माझा पाय आपोआप ताल धरायला लागला, तेव्हा मी तो मुद्दाम थांबवला. खिडकीतून पाहिलं तर आतले लोक आमच्यासारखेच होते. तोच रंग, तशाच साड्या, तशीच पेंगणारी म्हातारी माणसं. ते वेगळे असते तर मला सोपं गेलं असतं.

पुढे एकदा मॅच चालू असताना मी सिस्टरला सरळच विचारलं, "बरी होईन का थे? तुमचा देव सांगते का तुमाले काही?"

तिनं टीव्हीचा आवाज कमी केला. "मले नाई सांगत बाप्पा. मी बत्तीस वर्षं वॉर्डात काढले. रोज प्रार्थना करनारे मेले अन् कधी नाव न घेनारे चालत घरी गेले. मी दोन्ही पायले."

"मंग कायले करता?"

"माहा नवरा गेला तवा मी सोडून देल्ली होती. वर्षभर एक शब्द नाई बोलली मी देवासोबत. थेबी करून पायलं."

"मंग?"

"मंग काही नाई. भांडाले कोनी उरलं नाई," ती म्हणाली आणि आवाज पुन्हा मोठा केला.

मला वाटलं होतं ती मला समजावेल, पुस्तक उघडेल, काहीतरी सिद्ध करेल. तिनं तसं काही केलं असतं तर मला वाद घालता आला असता. मी जिना चढून वर गेलो आणि बायकोच्या गुळण्यांचं पाणी कालवायला घेतलं.

पाचव्या आठवड्यात माझे मोठे भाऊ अकोल्याहून भेटायला आले. तोवर बायकोच्या गळ्याची कातडी काळी पडून सोलायला लागली होती आणि बोलणं जवळपास बंद झालं होतं. ती वहीवर लिहून सांगायची. दादांनी संत्री आणली होती, तिला ती खाता येणार नाहीत हे त्यांना माहीत नव्हतं. ते तिच्याजवळ बसले आणि त्यांना उशीपाशी ठेवलेला बोटभर क्रूस दिसला.

"हे काय हाये?" त्यांनी मला विचारलं.

मी संत्र्यांची पिशवी उचलून कोपऱ्यात ठेवली.

"दीक्षेच्या बावीस प्रतिज्ञा इसरले का तुमी? बाप अजून जिता हाये आपला. आजानं देव नदीत फेकले थे याच्यासाठी? काऊन बोलत नाई तू?"

मला बोलायचं होतं, पण कुणाच्या बाजूनं ते ठरत नव्हतं. दादा जे म्हणत होते तेच मी महिनाभर मनात म्हणत होतो. तरी त्यांच्या तोंडून ते ऐकताना मला त्यांना खोलीबाहेर काढावंसं वाटलं. तेवढ्यात बायकोनं वही ओढली, दोन ओळी लिहिल्या आणि त्यांच्यापुढे धरली. तिनं लिहिलं होतं, "मले आता भेव लागत नाई. एवढंच झालं दादा."

दादांनी ते वाचलं, वही तिच्या मांडीवर ठेवली आणि खाली जाऊन रस्त्यावर उभे राहिले. परतीच्या बसपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत. नंतरचं वर्षभर नाहीच.

शेक संपले. आम्ही अकोल्याला जठारपेठेतल्या आमच्या घरी आलो. दादांनी वडिलांना आधीच सगळं सांगून ठेवलं होतं. मी वडिलांच्या रागाची तयारी करून आलो होतो. त्यांनी दोन दिवस जाऊ दिले, मग सकाळी तिला बोलावून समोर बसवलं.

"पोरी, दुखते तवा काय म्हनते तू?"

तिचा आवाज घोगरा झाला होता, पण परत आला होता. ती त्यांच्या कानाशी वाकून काहीतरी बोलली. वडिलांनी मान हलवली. म्हणाले, "माह्याच्यानं हे होनार नाई. मले नाई पटत. पन सकाळी माह्यासंग वंदनेले बसते थे बंद करू नको. मले एकट्याले बसाले करमत नाई."

ती बसत राहिली. सकाळी वडिलांच्या शेजारी बसून पंचशील म्हणायची, आणि संध्याकाळी मागच्या खोलीत डोळे मिटून तिचं ते दुसरं. तिला यात काही अडचण वाटत नव्हती. अडचण मला होती. मी एकदा म्हटलं, "दोन्ही कसं चालन? एक काहीतरी ठरव." ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, "तुमी ठरवा. मले कामं हायेत."

ते सात-आठ महिने चांगले गेले. ती भाकर कुस्करून खायला लागली. शेजारच्या लग्नात जाऊन नाचणाऱ्यांना हसून आली. मग खोकला सुरू झाला आणि डॉक्टरांनी फोटो पाहून सांगितलं की दुखणं छातीत उतरलंय. या वेळी शेक नव्हते, मास्क नव्हता, करण्यासारखं फारसं काही नव्हतं. मी रडलो, डॉक्टरवर चिडलो, आणि खरं सांगायचं तर तिच्यावरही चिडलो, कारण ती शांत होती. मला वाटायचं, हिनं माझ्यासारखं घाबरावं, म्हणजे आम्ही दोघं एका जागी असू. ती मला सोडून आधीच कुठेतरी पुढे निघून गेल्यासारखी वाटायची. आणि तरी तिचा हात धरून बसलो की माझी धडधड कमी व्हायची. दुखणं तिचं आणि आधार मला, असा उलटा कारभार होता.

ती एका दुपारी घरीच वारली. सकाळी तिनं मला डोक्याला तेल लावून द्यायला सांगितलं होतं. माझ्या बोटांना ग्रीसचा वास असतो म्हणून ती नेहमी कुरकुरायची, त्या दिवशी कुरकुरली नाही.

तिनं बाप्तिस्मा घेतला नव्हता. तिला काय हवं ते तिनं सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. त्यामुळे सगळं आमच्या रीतीनं झालं. माणसं जमली, पांढरी वस्त्रं, मेणबत्त्या, गाथा. सिस्टर अमरावतीहून बसनं एकटी आली आणि बायकांच्या मागे भिंतीला टेकून बसली. गाथा संपल्यावर ती उठली आणि वडिलांसमोर येऊन म्हणाली, "तुमची परवानगी असन तं मी दोन शब्द म्हनतो तिच्यासाठी."

दादा उभे राहिले. मी खाली पाहिलं. वडील म्हणाले, "म्हना. तिनं दोन्ही ऐकलं असतं."

सिस्टर फार थोडं बोलली. काय बोलली ते मला आठवत नाही. दादा बाहेर गेले नाहीत, एवढं आठवतं.

त्यानंतर दीड-दोन महिने माझं काही खरं नव्हतं. वर्कशॉपात जायचो, पाना हातात घ्यायचो आणि कुठला नट सोडायचा ते विसरून उभा राहायचो. साहेबांनी मला ब्रेकच्या कामावरून काढून सीटं दुरुस्त करायला बसवलं, आणि ते बरोबरच होतं. वडील सकाळी वंदनेला हाक मारायचे. मी जाऊन बसायचो. ओठ हलायचे, पण आतून काही हलत नव्हतं. एका शनिवारी डेपोतून घरी यायच्या ऐवजी मी अमरावतीच्या गाडीत चढलो. कशासाठी ते मला माहीत नव्हतं. सिस्टरनं दार उघडलं आणि काही न विचारता ताट वाढलं.

जेवताना मी विचारलं, "मास्कखाली थे काय म्हनायची?"

"तुमाले नाई सांगितलं तिनं?"

"नाई."

सिस्टर म्हणाली, "मी तिले लंबी प्रार्थना शिकवली होती. तिच्या लक्षात राहे ना. मंग तिनं तिची आपलीच बनवली. 'येशू, मले धर.' एवढंच म्हने. बारा मिनिटं."

मी घास तोंडात घेऊन रडलो. तिथं आत तिला धरायला मी नव्हतो, मी बाहेर बाकावर चिडून बसलो होतो. सिस्टर समोर बसून राहिली. ताट थंड झाल्यावर तिनं ते गरम करून परत आणलं.

दुसऱ्या दिवशी मी चर्चमध्ये आत जाऊन बसलो. मला काही दिसलं नाही, आवाज ऐकू आला नाही, अंगावर शहारा आला नाही. मागच्या बाकावर बसून मी फक्त म्हटलं की मला धर. कुणाला म्हटलं? येशूला म्हटलं की तिला म्हटलं की तिच्या तोंडचे शब्द नुसते माझ्या तोंडात घालून पाहिले? मी तेव्हाही ठरवू शकलो नाही. पण परतीच्या गाडीत मी मूर्तिजापूर कधी आलं ते न कळता झोपलो. दोन महिन्यांतली माझी ती पहिली धड झोप होती. पंधरा दिवसांत मी परत ब्रेकच्या कामावर गेलो.

आता महिन्यातून दोनदा जातो. चर्चचे पाळक साहेब, म्हणजे तिथले पाद्री, एकदा म्हणाले, बाप्तिस्म्याचं पुढचं पाऊल टाकावंसं वाटलं तर सांगा. मी म्हटलं, सांगतो. अजून सांगितलेलं नाही. वडील सोमवारी विचारतात, "गेल्ता का अमरावतीले?" मी हो म्हणतो. ते पुढे विचारत नाहीत. मग आम्ही वंदनेला बसतो आणि खरं म्हणजे आता तिथंही मला रडू येतं. तेही बंद झालं होतं, ते परत आलं. हे कुणामुळे झालं याचा हिशोब मला लागत नाही. तिची भीती गेली ती जागा ही आहे म्हणून मी चर्चमध्ये जातो का? की मला खरोखर कुणीतरी धरलंय? मला दोन्ही खरं वाटतं, आणि कधीकधी बसमध्ये दोन्ही खोटंही वाटतं.

गेल्या हिवाळ्यात सिस्टर मला हॉस्पिटलात घेऊन गेली. तिच्या वरच्या खोलीत तेव्हा नांदगाव खंडेश्वरकडचा एक माणूस बायकोला घेऊन राहत होता. तेच घशाचं दुखणं, तेच मशीन. ती आत होती आणि तो त्याच बाकावर बसून गुडघा हलवत होता. सिस्टरला खोकला झाला होता, आवाज निघत नव्हता. तिनं मला कोपरानं ढोसलं. "तू म्हन."

"मी?"

"मंग कोन? म्हन काहीतरी. मानूस घाबरून राह्यला."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि डोळे मिटले. आयुष्यात कधी मोठ्यानं प्रार्थना केली नव्हती. तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते वंदनेतलं "नमो तस्स". तेवढंच म्हणून मी थांबलो. एक डोळा उघडून पाहिलं तर सिस्टरनंही एक उघडला होता. तिनं तो मिटून घेतला. मग मी पुढे काहीबाही बोललो. ही बाई आत एकटी आहे, हा इथं एकटा आहे, दोघांना धर, मला माहीत नाही तू कसं करतोस, पण धर. शेवटी तो माणूस "आमीन" म्हणाला. कुठून शिकला होता कोण जाणे.

परवा त्याचा फोन आला. बायको घरी आहे, वरणभात खाते, अजून भाकर जात नाही म्हणाला. पुढच्या तपासणीला तीन महिने आहेत.

"दादा, तुमच्या देवाले माह्याकडून सांगा बरं का," तो म्हणाला.

माझा देव! मी फोन कानाशी धरून वर्कशॉपाच्या दारात उभा होतो. त्याला सांगावं वाटलं की बाबा, माझं अजून असं काही पक्कं नाही, मीच अर्ध्या वाटेत आहे. पण तो आनंदात होता.

"सांगतो," मी म्हटलं. "अन् भाकर पान्यात कुस्करून देऊन पाय तिले. नुसती नाई जात आधी."